मुल्की होण्याची चार वर्षं

मी आयुष्यात एकच गोष्ट मनापासून आणि सलग चार वर्षं केली. ती म्हणजे, मी शिकलो नाही. लोक आळसानं शिकत नाहीत, परिस्थितीमुळे शिकत नाहीत, कुणी प्रेमात पडून शिकत नाही. मी डॉक्टर व्हायचं म्हणून शिकलो नाही. हे कुणाला सांगितलं की समोरचा मला नीट न्याहाळतो आणि विषय बदलतो. म्हणून सगळं सुरुवातीपासून सांगावं लागतं.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, जैनथकडचं, पैनगंगेच्या अलीकडे. नदीपलीकडे महाराष्ट्र, अलीकडे तेव्हाचा आंध्र. घरात मराठी, शेतात कापूस आणि ज्वारी, कचेरीत तेलुगू आणि अडत्याच्या दुकानात हिंदी, असा आमचा रोजचा कारभार. गावातली मराठी शाळा सातवीला संपायची. पुढे शिकायचं तर दोन वाटा होत्या. एक तर आदिलाबादेला जाऊन तेलुगूत शिकायचं, नाहीतर नदी ओलांडून मराठीत. वडील म्हणाले, पोराला समजतं त्या भाषेत शिकू द्या. विचार चांगलाच होता. मी डोंग्यात बसून मामाच्या गावी गेलो आणि बारावीपर्यंत तिथेच शिकलो.

बारावीला मार्क चांगले पडले आणि गावानं परस्पर ठरवून टाकलं की हा डॉक्टर होणार. मला कुणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. गावात डॉक्टर नव्हता. जो आठवड्याला सायकलवर यायचा तो प्रत्येक दुखण्यावर एकच सुई टोचायचा आणि जाताना भाजी घेऊन जायचा. मला ते काम फार थोर वाटायचं, भाजीसकट.

मेडिकलसाठी अर्ज केला तेव्हा महाराष्ट्रानं सांगितलं, तुम्ही आंध्राचे. मी हिरमुसलो आणि यवतमाळला बी.एस्सी.ला नाव घातलं. झूलॉजी घेतलं. माणूस नाही तर निदान बेडूक तरी फाडायला मिळेल, एवढाच हिशेब. तीन वर्षांनी फर्स्ट क्लास घेऊन गावी परतलो तर बातमी कानावर आली की आपल्या आंध्रात पदवीधरांनाही मेडिकलची एन्ट्रन्स देता येते. वयाची अट नव्हती, किंवा असली तरी मला कुणी सांगितली नाही. मी इस्त्रीचा शर्ट घालून आदिलाबादेला चौकशीला गेलो. तिथल्या गृहस्थांनी माझं शिक्षण कुठे झालं ते ऐकलं आणि दोन शब्द उच्चारले, 'नॉन-लोकल'. बाहेरच्यांसाठी काही जागा होत्या म्हणे, पण इतक्या थोड्या की त्यात माझा नंबर लागणं म्हणजे लॉटरीच.

म्हणजे नदीच्या त्या काठावर मी आंध्राचा आणि ह्या काठावर महाराष्ट्राचा. माझं म्हणावं असं नदीचं पात्र तेवढं उरलं, आणि तिथे मेडिकल कॉलेज नव्हतं.

आमच्या घरात अशा वेळी पेशकार काकांकडे जायची पद्धत होती. काका म्हणजे वडिलांचे चुलत भाऊ. तहसील कचेरीत साहेबापुढे कागद वाचून दाखवायचं काम त्यांनी जन्मभर केलं होतं, आणि निवृत्त झाल्यावर ते काम गावासाठी फुकट करत होते. निजाम जाऊन एवढी वर्षं झाली तरी काकांच्या तोंडातून तो गेला नव्हता. दरखास्त, मिसल, मुल्की, असंच ते बोलायचे. मुल्की म्हणजे ह्या मुलखाचा माणूस. काकांनी सगळं ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि निकाल दिला.

"बाबू, तू गैरमुल्की झाला."

"काका, मी तं याच गावात जन्मलो ना."

"जन्माले कोन पुसते? माणूस चार सालं कुठी शिकला ते पाह्यतात."

"मंग आता?"

"तू शिकलाच नसता तं बरं झालं असतं." काका हे अगदी गंभीरपणे म्हणाले. "जो कुठीच शिकत नाई, त्याचं राहनं पाह्यतात. आता चार सालं गावातच राह्य. शाळा नाई, कॉलेज नाई, किलास नाई. कुठीच नाव टाकू नोको. चार सालं झाले का तू मुल्की. मंग दे परीक्षा."

काकांनी नियम बरोबर लावला होता की नाही, हे मला आजही माहीत नाही. मी दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही. काकांनी सांगितल्यावर दुसरीकडे विचारायला जाणं आमच्यात वाईट दिसायचं. आणि खरं सांगायचं तर ती वाट मला आवडली. डॉक्टर होण्यासाठी गावात राहायचं आणि काही शिकायचं नाही, ह्यात नापास होण्यासारखं काय होतं?

महिनाभरातच परीक्षा पाहणारी गोष्ट घडली. वडिलांनी माझ्यासाठी बी.एड.चा फॉर्म आणला. सरहद्दीवरच्या मराठी शाळांना विज्ञानाचे मास्तर मिळत नव्हते, आणि बी.एड. झालेला माणूस वर्षभरात कायम होत होता. वडील म्हणाले, "बाबू, मास्तर होऊन जाय. हातचं सोडून पळत्याच्या मागं काऊन लागून राह्यला?" मी त्यांना समजावून सांगितलं की बी.एड. म्हणजे शिक्षण, शिक्षण म्हणजे पटावर नाव, आणि नाव म्हणजे गैरमुल्की. वडिलांनी काकांकडे पाहिलं. काकांनी मान डोलावली. फॉर्म परत गेला आणि माझ्याबरोबरची पोरं एकामागून एक मास्तर झाली. आता मी डॉक्टर झालो नाही तर काहीच होणार नव्हतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याची भीती वाटायची, पण ती मी कुणाला दाखवत नव्हतो.

मग आमच्या घरानं मला शिक्षणापासून वाचवायला सुरुवात केली. मित्रानं आदिलाबादेत टायपिंगच्या क्लासला चल म्हटलं, मायनं त्याला चहा पाजून वाटेला लावलं. कृषी खात्याचं कापसावरच्या अळीचं दोन दिवसांचं शिबिर होतं, तिथून वडिलांनी मला उठवून आणलं. गावात प्रौढ शिक्षणाचा वर्ग निघाला. मास्तरला प्रौढ कमी पडत होते, म्हणून तो बिचारा मला म्हणाला, नुसतं येऊन बसा, साहेब येणार हायेत. माय दारातूनच ओरडली, "माह्या पोराले शिकवू नोको बाप्पा, त्याले डाक्टर व्हाचं हाय!" तो मास्तर पुढे बरीच वर्षं आमच्या घरासमोरून जाताना घाईनं चालायचा.

एन्ट्रन्सचा अभ्यास तर करायचा होता, पण तो कुणाला दिसू नये असं मायचं म्हणणं. पटवाऱ्यानं हातात पुस्तक पाहिलं आणि त्याचा काही भलताच अर्थ लावला तर? म्हणून मी कापूस भरून ठेवलेल्या खोलीत बसायचो. कापसाच्या ढिगावर बसून भौतिकशास्त्र वाचून पाहा कधीतरी. न्यूटनचा दुसरा नियम संपायच्या आत डोळा लागतो. पहिल्या हंगामात मी तिसऱ्या नियमापर्यंत पोचलोच नाही.

काकांची दुसरी सूचना होती, "दिसत राह्य." मी गावातच राहतो हे चार लोकांनी सांगायला हवं, तर चार लोकांना मी दिसायला हवा. मग मी दिसत राहिलो. साखरपुडा असो, मौत असो, बैल विकत घेणं असो, मी हजर. ज्यांच्याशी आमचं बोलणं नव्हतं त्यांच्याकडच्या बारशालाही मी जाऊन आलो. मामाच्या मुलीचं लग्न नदीपलीकडे होतं. काका म्हणाले, एका दिवसानं काही बिघडत नाही. पण मी कडक शिस्तीचा. मी सगळ्या वऱ्हाडाला नदीपर्यंत पोचवलं, हात हलवला आणि घरी येऊन एकटा पिठलं खाल्लं. मामा त्यानंतर माझ्याशी जेमतेम बोलायचा.

कुणी विचारलं, "काय करून राह्यला बाबू?" तर मी म्हणायचो, "राहून राह्यलो." लोकांना हे उत्तर पटायचं. गावाला माझा अभिमान होता हे मला आता आठवलं की हसू येतं. एवढा शिकलेला माणूस एवढ्या निष्ठेनं काहीच करत नाही, हे त्यांनी पूर्वी पाहिलं नव्हतं.

अशात घरच्यांनी माझं लग्न काढलं. मुलगी आदिलाबादेची. तिचे वडील कापसाच्या मार्केटात एका अडत्याकडे मुनीम होते. पोहे आले, पाणी आलं, आणि त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "मुलगा काय करते?"

काका म्हणाले, "सध्या काई करत नाई."

"शिकते का?"

"नाई नाई! शिकत तं बिलकुल नाई," काका ठासून म्हणाले, जणू कुणी माझ्यावर दारूचा आळ घेतला होता.

"काऊन?"

"डाक्टर व्हाचं हाय."

मुनीम माणूस, आकडे जुळवण्यात जन्म गेलेला. त्यांनी हे जुळवून पाहिलं, जुळलं नाही, पण पाहुण्यांपुढे काय बोलणार. मग मुलीची माहिती सांगण्यात आली. पहिलीपासून इंटरपर्यंत, म्हणजे बारावीपर्यंत, आदिलाबादेत, तेलुगू मीडियम, इंटरला बायपीसी, म्हणजे जीवशास्त्राचा ग्रूप. स्वयंपाक येतो, शिवण येतं. मला तिच्याशी दोन शब्द बोलायची मुभा मिळाली. मी काही विचारायच्या आत तिनंच विचारलं, "तुमाले बॉटनी आवडते का झूलॉजी?" मला वाटलं, काहीतरी बोलायचं म्हणून बोलते आहे. मी झूलॉजी म्हटलं आणि बेडकाच्या हृदयाबद्दल बरंच सांगितलं. किती कप्पे असतात ते सांगताना चुकलो. तिनं दुरुस्त केलं, आणि मी हिच्याशीच लग्न करायचं असं ठरवलं, कारण अभ्यासात मदत होईल.

मदत झालीच. एन्ट्रन्सचा पेपर नव्या पद्धतीचा होता, एका प्रश्नाला चार उत्तरं, त्यातल्या एकावर खूण करायची. मी जन्मभर 'सविस्तर उत्तरे लिहा' ह्या जातीचे पेपर सोडवलेले. मला चारही उत्तरांत थोडं थोडं तथ्य दिसायचं. बायको भाकऱ्या थापता थापता प्रश्न विचारायची, मी चुलीसमोर पाटावर बसून उत्तर द्यायचो आणि ती तव्यावरची भाकर उलटत म्हणायची, "चूक." गाईड शेजारी उघडं पडलेलं असायचं, पण ती त्यात बघायची नाही. ह्याचा मला राग यायचा. मी म्हणायचो, "पुस्तकात पाहून तं सांग." ती पिठाचा हात पदराला पुसून पुस्तकात पाहायची आणि पुन्हा म्हणायची, "चूकच हाय."

दुसरं वर्ष गेलं, तिसऱ्याचं चौथं झालं, मुलगी झाली. शेवटी मुल्की ठरायचा दिवस आला. चावडीत पटवारी बसला, पंच बसले आणि माझ्याबद्दल साक्षी सुरू झाल्या. एकेक जण उठून सांगू लागला की हा चार वर्षं गावातच होता आणि कुठेही काहीही शिकला नाही. एका म्हाताऱ्यानं तर छातीवर हात ठेवून सांगितलं, "साहेब, इतका रिकामा माणूस म्या पाह्यला नाई." पटवाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नम्रपणे मान खाली घातली. दाखला मिळाला. वडिलांनी पेढे वाटले. आपल्याच गावाचा रहिवासी ठरल्याबद्दल ज्याचे पेढे वाटले गेले असा आमच्याकडे तरी मी पहिलाच.

परीक्षा आदिलाबादेत होती. शाळेच्या मैदानात सतरा-सतरा वर्षांची पोरं, त्यांचे आईबाप, डबे, पाण्याच्या बाटल्या. मी आत शिरलो तर एका वर्गातली सगळी पोरं उठून उभी राहिली आणि म्हणाली, "नमस्कारम सार!" मी नकळत बसा म्हणालो आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. बाक शाळकरी पोरांसाठी केलेलं. माझे गुडघे आत जाईनात. एक पाय बाहेर ठेवून मी पेपर सोडवला, आणि अर्धा वेळ कोणत्या पायाला मुंग्या आल्या ह्याच विचारात गेला. भौतिकशास्त्राच्या प्रश्नांवर नजर फिरवली तेव्हा लक्षात आलं की चार वर्षं न शिकण्याची अट मी काकांनी सांगितली त्याहून जास्त काटेकोरपणे पाळली होती.

निकालाचं कार्ड पोस्टानं आलं. त्यावरचा माझा क्रमांक पाहून काकांना आधी तो पिनकोड वाटला. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा वाचला. मला लाज वाटली. गावानं माझ्यासाठी साक्षी दिल्या होत्या, वडिलांनी चार वर्षं मला पोसलं होतं, आणि मी हे कार्ड आणलं होतं.

संध्याकाळी ओसरीवर बैठक बसली. वडील, काका आणि मी. काकांना आता सूर सापडला होता. "काई हरकत नाई," ते म्हणाले. "मुल्की तं झाला ना? ते काई कोनी काढून घेत नाई. औंदा पुन्हा दे." वडील म्हणाले, "हो, एक डाव अजून." मला धीर आला. कापसाच्या खोलीऐवजी गोठ्यात बसायचं, पहाटे उठायचं, भौतिकशास्त्र आधी संपवायचं, असं मी भडाभडा सांगू लागलो.

बायको चहा घेऊन आली. कप ठेवले. पण आत गेली नाही. खांबाला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "औंदा मी लिहू का?"

"काय लिवतं?" वडिलांनी विचारलं.

"एन्ट्रन्स."

काकांच्या अंगात जन्मभराची कचेरी होती. त्यांनी लगेच उलटतपासणी सुरू केली. "तुयं शिक्षन कुठी झालं?"

"आदिलाबादेत."

"पयलीपासून?"

"पयलीपासून इंटरलोक. बायपीसी."

"अन् मार्क?"

तिनं मार्क सांगितले. ते माझ्यापेक्षा जास्त होते. काकांनी कप खाली ठेवला. "मंग तू तं मुल्कीच हाय," ते हळूच म्हणाले.

"हाय ना," ती म्हणाली. "पयलेपासूनच हाय."

ह्यातलं एकही अक्षर आम्हाला नवीन नव्हतं. तिला पाहायला गेलो तेव्हाच हे सगळं आम्हाला सांगून झालं होतं, आणि काकांनी ते मान डोलवत ऐकलं होतं. आम्ही तिघांनी मिळून एका गैरमुल्की माणसाला मुल्की करण्यात चार वर्षं घातली होती, आणि त्यातली बरीचशी ती त्याच घरात भाकऱ्या थापत होती. कुणाच्या डोक्यातही आलं नाही. माझ्या तर नाहीच नाही, मला वाटायचं ती उत्तरं अंदाजानं सांगते.

मी तिला विचारलं, आणि टोमणा म्हणून नाही, खरंच नवल वाटून विचारलं, "पन तुले डाक्टर व्हाले कोनं सांगतलं?"

ती म्हणाली, "तुमाले कोनं सांगतलं होतं?"

मला तर सगळ्यांनी सांगितलं होतं. वडिलांनी सांगितलं, मामानं सांगितलं, बारावीच्या मास्तरांनी, काकांनी, पारावरच्या म्हाताऱ्यांनी, सगळ्या गावानं मिळून मला सांगितलं होतं की तू डॉक्टर हो. तिला कधी कुणीच सांगितलं नव्हतं. तरी तिला व्हायचं होतं.

पुढे तिला जागा मिळाली, दुसऱ्या खेपेला. ते सगळं तिनं सांगावं, ती माझ्याहून नीट सांगते. मला त्या संध्याकाळचं सांगायचं आहे. मुलगी रांगत होती, माय थकली होती, वेचणीचे दिवस तोंडावर होते. घरातून एकच माणूस पुस्तक घेऊन बसू शकत होता, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला समजत होतं. वडील माझ्याकडे बघत होते. मला वाईट वाटत होतं. माझी पाळी आत्ता कुठे आली होती.

"औंदा तू लीव," मी म्हणालो.

"अन् तुमी?"

"मी राह्यतो ना घरी. त्याची तं मले सवय हाय."

ती हसली, आणि हसता हसता तोंडाला पदर लावून रडायला लागली. मग मीही रडलो. वडिलांना वाटलं मला आनंद झाला आहे, आणि तोही झाला होता. पण मी रडलो ते मला अजूनही डॉक्टर व्हायचं होतं म्हणून.